उन्हाळा आपलाही आहे

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती गाळून येथे देत आहोत.)



सकाळपासून कांदा झाला, वीजबिल झाले, पीकविमा झाला. आता पत्रिकेवरचा पुढचा विषय वाचून काही जण हसले, ते आम्ही पाहिले. 'उन्हाळ्यात सायकल आणि होडी.' मागच्या रांगेतून कोणी तरी म्हणालेसुद्धा, "आता काय पाण्यातून मोर्चा काढायचा का?" हसा. आम्हीही आधी हसलोच होतो. पण या विषयाच्या शेवटी जिवाचा प्रश्न आहे. तो आला की हसू आपोआप थांबेल.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. तुमच्यापैकी किती जणांनी गेल्या पाच वर्षांत उन्हाळ्यात दोन दिवस, फक्त मजेसाठी, घर सोडले? लग्न नाही, दहावा नाही, कोर्टाची तारीख नाही, दवाखाना नाही, देवदर्शनाचा नवस नाही. नुसती मजा. हात वर करा. पाहा, तीन हात. त्यातला एक आमच्याच माणसाचा आहे.

शेतकऱ्याला सुट्टी लागत नाही, असे सगळे धरून चालतात. शहरातला माणूस म्हणतो, तुम्ही तर रोजच मोकळ्या हवेत. आपणही ते खरे मानतो. पण उन्हात राबणे वेगळे आणि उन्हाळा भोगणे वेगळे. भर दुपारी पाण्याची पाळी आली म्हणून खोऱ्याने दारे धरणारा माणूस आभाळ बघत नाही, तो दारे बघतो. ज्या नदीच्या काठी जन्म गेला, त्या नदीकडे आपण मोटारीच्या फूटव्हॉल्व्हपुरते पाहतो. मोकळी हवा आपल्याला मिळते खरी, पण ती कामाचा भाग म्हणून मिळते.

तरी आपल्या वर्षात एक फट आहे. गहू-हरभरा घरात येतो, कांदा चाळीत जातो, नांगरट होऊन रान तापत पडते आणि मृगाला अजून अवकाश असतो. बागायतदाराला आठ दिवस मिळतील, जिरायतदाराला महिना. आपल्या आधीच्या पिढ्यांना ही फट माहीत होती. गावोगावच्या जत्रा, कुस्त्या, तमाशे याच दिवसांत येतात, हा योगायोग नव्हे. आपण मात्र त्या फटीत मोबाईल आणि लग्नाच्या पंगती भरून टाकल्या.

सायकल का सोडली?

आमचे गाव जिरायत पट्ट्यातले. भिगवणपासून चाळीसएक किलोमीटर. एप्रिल २०२४ मध्ये आम्ही अकरा जण सायकलीवर उजनीच्या फुगवट्यावर गेलो. सर्वांत धाकटा सतरा वर्षांचा, सर्वांत थोरले तात्या त्रेसष्ट वर्षांचे. चौघी बायका. नव्या सायकली फक्त दोन. बाकीच्या माळवदावर, गोठ्यात, कडब्याखाली सापडलेल्या. दुकानदाराने ट्यूब बदलल्या, ब्रेकची रबरे बदलली, साखळीला तेल घातले. सायकलीवर बसलो तेव्हा समजले की आपण ही वस्तू मोडली म्हणून सोडली नव्हती. लाज वाटली म्हणून सोडली होती.

आठवून पाहा. चाळीस वर्षांपूर्वी लग्नात घड्याळ, सायकल आणि रेडिओ मिळाला तर जावई आठवडाभर गावात मिरवायचा. दुधाच्या किटल्या सायकलवर, गवताचा भारा सायकलवर, शाळेला तिघे सायकलवर. मग कर्जाने मोटारसायकल आली. तिला आमचा विरोध नाही. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा तर ती हवीच. पण पानटपरीपर्यंतच्या अर्ध्या किलोमीटरलाही आपण किक मारू लागलो. मग तोच माणूस साखर वाढली म्हणून डॉक्टरकडे जातो आणि डॉक्टर त्याला पैसे घेऊन सांगतो, रोज सायकल चालवा!

सायकलीचा जन्म कसा झाला हे ऐकण्यासारखे आहे. १८१५ साली इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याच्या धुरळ्याने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. पिके बुडाली, धान्य आणि चारा महागला, घोडे पोसणे परवडेना. १८१७ साली कार्ल ड्रेस या जर्मन माणसाने दोन चाकांचे लाकडी यंत्र काढले. त्याला पायडल नव्हते. जमिनीला पाय मारत पुढे जायचे. घोड्यांच्या टंचाईतून हे सुचले, असे काही इतिहासकार मानतात. पुढे १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट ज्या जॉन डनलॉपने घेतले, तो गुरांचा डॉक्टर होता. पोराच्या तीनचाकीला गचके बसतात म्हणून त्याने ती खटपट केली. म्हणजे सायकल ही मुळात टंचाईतल्या माणसाची वस्तू आहे. तिची लाज शेतकऱ्याला वाटावी, असे तिच्यात काही नाही.

आणि तिचे गणित साधे आहे. पायी चालणारा तासाला चार-पाच किलोमीटर जातो. सपाट रस्त्यावर जवळपास तेवढ्याच दमात सायकलवाला पंधरा जातो. आम्ही पहाटे पाचला निघालो आणि मध्ये दोनदा चहाला थांबूनही साडेनऊच्या आत पाण्याच्या काठाला होतो.

रस्ता तोच होता. त्या रस्त्याने आम्ही शंभरदा गेलो असू. पण मोटारसायकलवर बसून जे दिसत नाही ते त्या दिवशी दिसले. कोणाच्या चाळीतला कांदा सडायला लागला आहे, ते वासाने कळले. कोणत्या विहिरीने तळ गाठला, कुठल्या बोअरला नुसती हवा येते, कोणाच्या डाळिंबाला टँकरचे पाणी चालले आहे, हे एका सकाळीत कळले. एका वस्तीवर म्हातारी म्हणाली, "अरं, सायकलीवर निघालाय, घरी काय इपरीत झालं का?" मजेसाठी निघालो म्हटल्यावर तिला आधी पटेना. मग तिने घागरभर पाणी आणि गुळाचा खडा दिला. मोटारसायकलवाल्याला कोणी असे थांबवत नाही.

उन्हाचे नियम सांगून ठेवतो, कारण मजा म्हणजे मूर्खपणा नव्हे. दहाच्या पुढे आणि चारच्या आत सायकल चालवायची नाही. डोक्याला ओला पंचा किंवा टोपी. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी. नुसते पाणीही पुरत नाही. लिटरभर पिण्याच्या पाण्यात सहा चहाचे चमचे सपाट साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ करा. नाही तर ताक किंवा कैरीचे पन्हे, मीठ घालून. कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, झोक जाऊ लागले, तर तो दमला असे समजू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. शेतावरच्या मजुरांनाही हेच लागू आहे.

आणि पंक्चर. वेड्या बाभळीचा काटा आणि सराटा, या दोघांनी आमची सात पंक्चरे केली. पाच आमच्यातल्या एका सुनेने काढली. तिच्या वडिलांचे सायकलचे दुकान होते. सासरी येऊन बारा वर्षे झाली, पण ही विद्या तिला येते हे घरात कोणाला माहीतच नव्हते. सोल्युशन, कानस, ट्यूबचा तुकडा, हवेचा पंप, एवढे जवळ ठेवले की काम भागते.

वल्हे मारणाऱ्याची होडी

आता होडीकडे येऊ. आमच्यातला एक मुलगा दोन वर्षे साहसी खेळ शिकवणाऱ्यांकडे कामाला होता. त्याच्या ओळखीने चार कयाक दोन दिवसांच्या भाड्याने मिळाल्या आणि टेम्पोत घालून काठावर आल्या.

कयाक म्हणजे काय? लांबट, अरुंद होडी. एक किंवा दोन माणसे बसतात, पाय पुढे पसरून. वल्हे एकच, पण दोन्ही टोकांना पाते. डावीकडे एक हात, उजवीकडे एक हात. ही होडी ग्रीनलंड आणि उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा आणि त्यावर सीलचे कातडे शिवलेले. ती मौजेची नव्हती. शिकाऱ्याच्या पोटाची होती आणि ज्याची त्याच्या अंगाच्या मापाने बनायची. आजची कयाक प्लॅस्टिकची. तुमच्या शेतात पाण्याची काळी टाकी आहे ना, ती साचा फिरवून ज्या रीतीने बनते, तशाच रीतीने हीही बनते.

आणि हे आपल्याला अगदी परके आहे असे समजू नका. कृष्णा-वारणेच्या काठचे लोक येथे असतील. पुरात गूळ करायच्या काहिलीत बसून नदी पार केल्याच्या गोष्टी तुमच्या घरात आहेत. पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून विहिरीत ढकलणारा चुलता प्रत्येकाच्या आठवणीत आहे. पाणी आपले होते. आपणच त्याच्यापासून लांब गेलो.

पहिल्या तासाला आम्ही गोल गोल फिरलो. तात्या तर काठापासून दहा हातांवर एकाच जागी गरगरत होते आणि काठावरचे भोई हसून हसून आडवे झाले. मग त्यांच्यातल्याच एकाने युक्ती सांगितली. हाताने ओढू नका, कमरेतून वळा, पाय टेकवून रेटा. नांगर धरणारा माणूस हातावर जोर देत नाही, अंग देतो, तसेच हे. ही खूण पटली आणि तात्या सरळ निघाले.

दुसरी शिकवण गाळाने दिली. पाणी उतरले की काठ वाळलेला दिसतो, वर भेगा पडलेल्या असतात, पण पाण्यालगत पाय टाकला की मांडीपर्यंत आत. एकाची चप्पल अजून उजनीत आहे. होडी लावायची ती खडकाळ किंवा मुरमाड जागी, नाही तर भोई लावतात तिथे. त्यांना न विचारता पाण्यात उतरू नये, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकलो आणि दुसऱ्या दिवशी विसरलो. ते पुढे सांगतो.

'मेलेल्या' पाण्यावर

उजनीचे काम १९६६ साली सुरू झाले आणि १९८० साली धरण पुरे झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला उपयुक्त म्हणायचा तो साधारण साडेत्रेपन्न, आणि उरलेल्या त्रेसष्टहून अधिक टीएमसीला सरकारी भाषेत मृतसाठा म्हणतात. म्हणजे अर्ध्याहून अधिक धरण कागदावर मेलेले. उपयुक्त साठा संपला की टक्केवारी वजा होते, आपल्या सोसायटीच्या खात्यासारखी. २०२३ चा पाऊस कमी झाला, धरण भरलेच नाही, आणि आम्ही गेलो तेव्हा उजनी चांगलीच वजा होती. पण त्या मेलेल्या पाण्यावर भोयांची चिलापी चालली होती, काठाच्या मोटारी चालल्या होत्या, दौंडपासून खालपर्यंत ऊस उभा होता. पाणी जसे मागे सरते तसे शेतकरी चर खोदत, पाईप वाढवत, मोटारी पुढे नेत त्याच्या मागे जातात. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. एका माणसाने आम्हांला सांगितले, "दरसाल मोटार किती वेळा पुढं नेली त्यावर आम्ही दुष्काळ मोजतो."

पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ पाण्याबाहेर आले होते. जुन्या दगडी देवळाभोवती जत्रेसारखी गर्दी होती. लोक फोटो काढत होते. आमच्याबरोबर एक मावशी होत्या, वय अठ्ठावन्न. त्यांचे माहेर फुगवट्यात गेलेले. गाव उठले तेव्हा त्या लहान होत्या. नंतर लग्न होऊन आमच्याकडे आल्या. इतक्या वर्षांत धरण पाहिले ते एस.टी.च्या खिडकीतून. पाण्यात उतरायला तयार नव्हत्या. "मला पोहता येत न्हाय, आणि त्या पाण्याचं तोंड बघायचं न्हाय," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आरशासारखे होते. मावशींना जॅकेट घातले, दोन माणसांच्या कयाकमध्ये पुढे बसवले आणि मागे त्यांचा भाचा बसला. अर्ध्या तासाने त्यांनी काठावरच्या एका टेकाडाकडे बोट केले, मग दुसऱ्याकडे, आणि भाच्याला म्हणाल्या, "थांब. हितं आमचा मळा. खाली विहीर हाय, बाराही महिने पाणी असायची." कयाक थांबली. खाली हिरवट पाणी, दुसरे काही दिसत नव्हते. मावशींनी वल्हे मांडीवर ठेवले आणि बराच वेळ हात पाण्यात सोडून बसल्या. काठावर आल्यावर एवढेच म्हणाल्या, "आपल्याच मळ्यावरनं आपुन होडीत बसून गेलो. आमच्या दादांनी बघाय पायजे हुतं." दादा म्हणजे त्यांचे वडील. पुनर्वसनाची जमीन ताब्यात मिळेपर्यंत ते थकले होते.

या प्रसंगाचा भाव काय लावायचा? धरणग्रस्ताचे पाणी इतरांना जाते, ऊस इतरांचा होतो, पर्यटनाच्या जाहिरातीत फोटोही इतरांचा येतो. त्या पाण्यावर बसून एक सकाळ आपली म्हणून घालवणे, हा त्या मावशींचा हक्क होता. आणि तो कोणाकडे मागावा लागला नाही. नुसते उठून जावे लागले.

पक्ष्यांचेही सांगितले पाहिजे. रोहित पक्षी, ज्यांना अग्निपंख म्हणतात, ते उथळ पाण्यात शेकड्याने उभे होते. मोटारबोट जवळ गेली की सगळा थवा उठतो. कयाकला आवाज नाही, त्यामुळे लांब थांबून हवा तितका वेळ बघता येतो. एक सावधगिरी मात्र हवी. नदी सुरय हा पक्षी उन्हाळ्यात पाण्यातल्या उघड्या बेटांवर, नुसत्या मातीत, अंडी घालतो. अंडी मातीच्या रंगाची असतात, पायाखाली आली तरी कळत नाहीत. डोक्यावर पक्षी ओरडत घिरट्या घालू लागले की समजावे, आपण कोणाच्या तरी घरात शिरलो आहोत. तिथून मागे फिरावे.

आमची चूक

आता जिवाचा प्रश्न. यात दोष कोणा दुसऱ्याचा नाही, आमचा आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

आम्ही माणसे अकरा आणि जॅकेट आठ. सकाळी नियम ठरला होता, जॅकेट नाही तर पाणी नाही. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास टेम्पो यायला वेळ होता. दोन पोरे म्हणाली, शेवटची एक फेरी मारतो. दोघेही विहिरीत मुटके मारणारे, पट्टीचे पोहणारे. जॅकेट वाळत घातली होती, ओली कोण घालणार? आमच्यातल्या मोठ्यांनी 'जाऊ द्या' म्हटले. एका भोयाने पश्चिमेकडे बोट दाखवून सांगितले, "आभाळ येतंय, आता नको." आभाळ लांब होते. डोक्यावर ऊन होते. आम्ही ऐकले नाही.

वळिवाचा वारा तुम्हांला सांगायला नको. पाऊस नंतर येतो, वारा आधी येतो. ढगातून कोसळलेली गार हवा जमिनीवर पसरत पुढे धावते. शेतात त्याने पत्रे उडतात. मैलभर मोकळ्या पाण्यावर तो दहा मिनिटांत कंबरभर लाटा उठवतो. पोरे काठापासून पाव किलोमीटरवर होती. पहिल्याच झोताने कयाक आडवी फिरली, दुसऱ्या लाटेने उलटली. विहिरीत पोहणारा पोर लाटांत पोहू शकत नाही, हे आम्ही त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. तोंड वर काढले की पाणी तोंडावर येते. नशिबाने त्यांनी एक गोष्ट बरोबर केली. उलटलेली कयाक सोडली नाही. ती बुडत नाही. दोघे तिला धरून राहिले. ज्या भोयाचे आम्ही ऐकले नव्हते त्यानेच आपली होडी घातली आणि दोघांना ओढून आणले. पोरांचे दात वाजत होते. कोणी कोणाशी बोलले नाही. आम्ही त्याला पैसे देऊ लागलो, तर तो म्हणाला, "पैसं ठेवा. पुढच्या बारीला सांगितलं तर ऐका."

घरी आल्यावर हा प्रसंग दाबून टाकायचे ठरले होते. नाही तर पुन्हा कोणी पोरांना पाठवणार नाही. पण महिन्याभरात, २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी, त्याच उजनीत करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले. त्यांत दोन लहान लेकरे होती. ती माणसे मजेला निघाली नव्हती. रस्त्याने मोठा वळसा पडतो म्हणून नेहमीच्या वाटेने निघाली होती. त्या दिवसापासून आम्ही ठरवले की आपली गोष्ट लपवायची नाही, जिथे बोलावतील तिथे सांगायची. आज म्हणूनच येथे उभे आहोत.

मग करायचे काय?

कोणी म्हणेल, एवढा धोका आहे तर कशाला जायचे पाण्यावर? आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. पाणी आता आपल्या दारात आले आहे. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, आपणही तळी खोदली, प्लॅस्टिकचा कागद अंथरला. पाणी राहिले, बाग जगली, चांगलेच झाले. पण तो कागद ओला झाला की शेवाळाने इतका निसरडा होतो की पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. दर उन्हाळ्यात आपण वाचतो, शेततळ्यात बुडून मूल गेले, वाचवायला गेलेला बापही गेला. ते मूल होडीत बसायला गेले नव्हते. चेंडू काढायला किंवा शेळीमागे गेले होते. पाणी टाळून पाण्यापासून वाचता येत नाही. पाणी ओळखूनच वाचता येते.

म्हणून चार गोष्टी मांडतो. यासाठी कोणत्याही मंत्र्याकडे अर्ज करावा लागत नाही.

पहिली. पावसाळ्याच्या आत प्रत्येक शेततळ्याच्या चारही बाजूंना जाड दोर सोडा. वर पक्की खुंटी, दर हातभर अंतरावर गाठ आणि दोराचे टोक तळापर्यंत. काठावर हवा भरलेली ट्रॅक्टरची जुनी ट्यूब दोराने बांधून ठेवा. जमेल तसे कुंपण घाला. हजार-दोन हजारांचे काम आहे. कागदाला तुम्ही लाख घातले आहेत.

दुसरी. गावातल्या प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला पोहायला शिकवा. पोरींचे नाव मुद्दाम घेतो. पोर विहिरीत उतरतो, पोरगी काठावर धुणे धुते. धुणे धुताना पाय घसरला की तिला काय येते? उन्हाळ्याचे महिनाभर सकाळी एक तास, गावातली जाणती माणसे आणि बाया मिळून, एक सुरक्षित विहीर ठरवा. डबे बांधा, दोर धरा, शिकवा.

तिसरी. बुडणाऱ्यामागे उडी मारायची सवय मोडा. आधी काही तरी फेका, ट्यूब, डबा, पंचा, दोर, बांबू. मग ओढा. उडी अगदी शेवटी, आणि तीही कमरेला दोर बांधून. बाहेर काढलेल्याला गरगर फिरवण्यात, पोट दाबण्यात वेळ घालवू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यावा लागतो आणि छाती दाबावी लागते. तो प्रकार आरोग्य केंद्रातून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या. आणि १०८ ला फोन करा.

चौथी, आणि ही आमची आवडती. दर उन्हाळ्यात दोन दिवस बाहेर पडा. गट करा, सायकली झाडा, जवळची नदी, धरण, तलाव गाठा. माणशी एक जॅकेट, त्याशिवाय पाण्यात पाय नाही, मग तो पोहणारांचा सरपंच असला तरी. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर येताना वारा पाठीशी राहील. दुपारनंतर आभाळ भरू लागले की काठावर या. उलटलात तर होडी सोडू नका. आणि तिथल्या भोयांचे ऐका. पाण्याच्या बाबतीत ते पदवीधर आहेत, आपण बालवाडीत.

खर्च विचाराल. आम्हांला कयाकचे भाडे, टेम्पो, दोन वेळचे जेवण धरून माणशी सहाशे चाळीस रुपये पडले. भाकरी-ठेचा घरचा. भोयांकडून विकत घेतलेली चिलापी काठावरच भाजली. एका लग्नाच्या आहेरात याहून जास्त जातात आणि जेवण उभ्याने करावे लागते.

शेतकऱ्याला भाव मिळाला पाहिजे, हे आपण सकाळी बोललो, उद्याही बोलू. पण भाव कशासाठी हवा? फक्त कर्ज फेडायला आणि पुन्हा काढायला? माणसासारखे जगायला हवा. माणसासारखे जगण्यात दोन दिवसांची मोकळीक येते, नवरा-बायकोने शेजारी शेजारी सायकल चालवणे येते, त्रेसष्ट वर्षांच्या तात्यांनी पाण्यावर गरगरत पोरासारखे हसणे येते. भाव मिळेल तेव्हा मिळेल. ती मोकळीक तोवर गहाण टाकून ठेवू नका.

या वर्षीही आम्ही जाणार आहोत. जॅकेट आता माणशी एक आहे, वर दोन जास्तीचे. ती दोन्ही पोरे येणार आहेत, आणि पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांची जॅकेटे तपासायचे काम त्यांनी स्वतः मागून घेतले आहे. मावशींनी तर माघ महिन्यातच सायकल दुकानात टाकली.

ज्यांना यायचे त्यांनी चहाच्या सुट्टीत आमच्याकडे नावे द्या. आणि ज्यांना यायचे नाही, त्यांनी आज घरी गेल्यावर एवढे तरी करा. शेततळ्याला दोर सोडा.